आधी इंजिन, मग पानी

हरेश्वरनाना जेवायला बसले की आधी दोन घास कोरडे खातात, मग पाण्याला हात लावतात. संपवताना उलटं. पाणी पिऊन ग्लास दूर सारतात, मग एक कोरडा घास खाऊन उठतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी ग्लास सारलेला बघून वाढप्याने ताट उचललं, तर नाना त्याच्या मागोमाग थेट भटारखान्यात गेले आणि पुरीचा तुकडा तोंडात टाकून मगच परत आले.

"आधी इंजिन, मग पानी," ते मला म्हणाले. "आधी पानी बंद, मग इंजिन. कितीदा सांगू?"

खरं तर सांगायची काही गरज नव्हती. गेली पाच वर्षं दर रविवारी सकाळी मी हेच ऐकतोय.

नाना अर्नाळ्याचे. जन्म मासेमारीत गेला, आता होडी मनात येईल तेव्हा काढतात. माझी वाडी नंदाखालला, नारळ-केळीची. किनाऱ्याकडच्या विहिरी खाऱ्या होत चालल्यात, आमची अजून गोड आहे. त्या गोड्या पाण्यासाठी नाना दर रविवारी टेम्पोत एक जेटस्की घालून येतात. पर्यटकांना बसवून फिरवतात ती नव्हे. ही एकट्याने चालवायची, तीही उभ्याने. पुढचा दांडा धरायचा, मागे फळीवर उभं राहायचं आणि तोल गेला की समुद्रात पडायचं. ती त्यांच्या मुलाची, निलेशची. नाना स्वतः तिच्यावर कधी चढलेले नाहीत. पण इंजिन आठवड्यातून एकदा तरी चाललं पाहिजे, नाहीतर ते मरतं, असं त्यांचं म्हणणं. आणि चालवायचं तर त्याला गार ठेवायला आत पाणी फिरवावं लागतं.

म्हणून विहिरीच्या पंपाची नळी जेटस्कीला जोडून नाना मला नळावर उभं करतात. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नळ कसा सोडायचा हे मला या वयात कोणी शिकवेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच रविवारी मी नळी जोडल्याबरोबर नळ सोडला. नाना असे ओरडले की माझी बायको स्वयंपाकघरातून धावत पडवीत आली.

"बंद इंजिन पानी पितं, राऊतभाऊ! चालतं इंजिन पानी थुंकतं! आधी चालू करायचं, पाच मोजायचे, मग नळ. नाहीतर धूर जायच्या वाटेनं पानी उलटं इंजिनात चढतं. चढलं की खलास."

तेव्हापासून मी मोठ्याने पाचपर्यंत मोजतो. चारला सोडला तर त्यांना कळतं.

दुसरा नियम उलटण्याचा. ही जेटस्की उलटली तर डाव्या अंगानेच सरळ करायची, नाहीतर धुराच्या पेटीत साठलेलं पाणी इंजिनात ओतलं जातं. नियम यंत्राचा, पण नानांनी तो सगळ्या जगाला लावलाय. मागच्या शिमग्याला शेजारचे पाटील ओट्यावरून घसरून पडले. आम्ही चौघे धावलो. मागून नानांचा आवाज आला, "डाव्या अंगानं! डाव्या अंगानंच फिरवा!" आवाजात इतका अधिकार होता की आम्ही फिरवले. पाटलांचा हात मोडला होता आणि तो डावाच होता. पाटील अजून नानांशी बोलत नाहीत.

तिसरी गोष्ट त्यांच्या शर्टाच्या खिशात असते. लाकडाच्या दोन पट्ट्या, दोन्ही टोकांना बोटांनी आवळायचे नट. नळी दाबून बंद करायचा हा चिमटा त्यांनी स्वतःच्या जुन्या वल्ह्यातून तासून काढलाय. लग्नकार्यालासुद्धा तो खिशात असतो. मी बरीच वर्षं थट्टा केली. मग एका रविवारी इंजिन थंड व्हायची वाट बघत आम्ही विहिरीच्या काठावर बसलो असताना नानांनी त्याची हकिगत सांगितली आणि माझी थट्टा तिथेच संपली.

निलेशला शर्यतीत उतरायचं होतं. आठवडा उरला असताना सरावात इंजिन बंद पडलं. ओहोटी लागलेली, जेटस्की बाहेर वाहत चाललेली. नाना नेमके होडी घेऊन परतत होते. त्यांच्यात समुद्रात कोणाची होडी बंद दिसली की विचारत बसत नाहीत. दोर टाकायचा आणि ओढून आणायची, मग ती वैऱ्याची का असेना. इथे तर पोटचा मुलगा. नानांनी दोर टाकला आणि होडी पळवली. बंद जेटस्की जोरात ओढली की बुडाखालून पाणी नळीत घुसतं आणि इंजिनापर्यंत जातं. ती नळी आधी दाबून टाकायची असते, नाहीतर अगदी सावकाश यायचं असतं. जन्मभर होड्या ओढणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

"मागं वळून बघितलं तर पोरगा हात हलवत होता," नाना म्हणाले. "ओरडत होता, पन आमच्या इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येनार? मला वाटलं खूश झालाय. मी अजून जोरात घेतली."

किनाऱ्यावर झाकण उघडलं तर इंजिन खाऱ्या पाण्याने भरलेलं. निलेश एवढंच म्हणाला, "तुम्हाला कोनी सांगितलं होतं हात लावायला?" पुढच्या दोन महिन्यांत तो आखातात नोकरीला गेला. फोन आईला करतो. सुमनवहिनी बोलतात, नाना शेजारी बसून ऐकतात. वहिनी फोन त्यांच्याकडे देईपर्यंत तिकडून ठेवलेला असतो. नानांनी ते इंजिन मुंबईला नेऊन दुरुस्त करून घेतलं, मेकॅनिकच्या शेजारी दिवसचे दिवस बसून एकेक नियम शिकून घेतला, आणि पोरगा येईल तेव्हा ते एका झटक्यात चालू झालं पाहिजे या एका आशेवर हा माणूस पाच वर्षं माझ्या विहिरीवर येत राहिला.

यंदा बहिणीच्या साखरपुड्याला निलेश आला. नाना मला मुद्दाम किनाऱ्यावर घेऊन गेले. इंजिन एका झटक्यात चालू झालं. निलेश दूरवर गेला, दोन वळसे घेतले, आणि इंजिन बंद पडलं. ओहोटी होती.

नानांनी खिसा चाचपला आणि होडी काढली. मीही चढलो. जवळ गेल्यावर त्यांनी दोर टाकला नाही. होडी वाऱ्याकडून आडवी घातली, लाटा अडवल्या आणि म्हणाले, "झाकन उघड." मग काठावरून ओणवे होऊन नळीला चिमटा लावला, दोन्ही नट आवळले. झाकण बंद झाल्यावर दोर हातात धरून विचारलं, "ओढू का?"

निलेशने दोरासाठी हात पुढे केला. मग म्हणाला, "ओढा, बाबा."

आम्ही इतके सावकाश निघालो की किनारा जवळ येतोय असं वाटेचना. मध्येच निलेश मागून हात हलवून ओरडू लागला. नानांनी घाबरून होडी थांबवली. "काय झालं रे?"

"जरा जोरात घ्या की! चिमटा लावलाय ना!"

नानांनी वेग वाढवला नाही. मला त्यांचा चेहरा दिसत होता, म्हणून मी समुद्राकडे बघत बसलो.

पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता, बाकी काही नाही. आत पाण्याचा थेंब नव्हता.

निलेश परत गेला. पुढच्या रविवारी नाना नेहमीप्रमाणे वाडीत आले. इंजिन चालू झालं, मी पाच मोजले, नळ सोडला. एवढ्यात नानांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं, दुसऱ्या हाताने इंजिन बंद केलं आणि केळींकडे चालू लागले.

"हां, बोल. बोल पोरा, मीच बोलतोय."

पाणी तसंच चालू होतं. मी नळावर झडप घातली.