वसुबारसेची गाय आणि बारा बाटल्या

गाय माता आहे, हे शास्त्र सांगतं. माता परवडते का, हे दुसरं शास्त्र सांगतं, आणि त्याला पगार जास्त असतो.

अल ऐनजवळच्या आमच्या डेअरीत हे दुसरं शास्त्र विजयकुमार सांभाळतात. मूळचे पुण्याचे, बिऱ्हाड दुबईत, अल मनखूलला. गाय खाते त्याहून कमी कमावू लागली, की ते तिला यादीत घालतात. यादीतली गाय कत्तलखान्यात जाते, पण तसं बोलायची पद्धत नाही. आपल्या व्हिसासारखी ती 'कॅन्सल' होते.

वसुबारसेला त्यांच्या पत्नी शोभनाताई शेजारच्या करामा वस्तीतल्या मराठी बायकांना बसने फार्मवर पूजेला आणतात. (त्या दिवशी बायका दूध घेत नाहीत. ती घट आम्ही बजेटमध्ये धरतो.) आता, भरपूर दुभती गाय हळदीकुंकवाला बुजते, दूध चोरते, नुकसान होतं. म्हणून व्यवस्थापन पूजेला यादीतलीच गाय देतं. वासरू दुसरीचं असतं. त्याने अजून हरकत घेतलेली नाही. इतकी सुटसुटीत योजना मी दुसरी पाहिली नाही.

यंदा घात झाला. गायीने शोभनाताईंचा हात चाटला, आणि परतताना ड्रायव्हर वासिफ सहज बोलून गेला, "मॅडम, ये तो परसों खलास."

शोभनाताई खरोखर रडल्या. (हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.) "अहो, काढा तिचं नाव! पाप लागेल."

"अगं, बाराच लिटर देते. रोज सहा दिरहमचा खड्डा. म्हणजे एकशेचाळीस रुपये! कोण भरणार?"

मार्ग शेवटी विजयकुमारांनीच काढला. हिचं दूध वेगळ्या बाटलीत, लिटरला अर्धा दिरहम जादा. रोज बारा बाटल्या खपल्या की गाय जगली. बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे दहा घरं. दोनशे नऊ जणींनी हात जोडले, एकीने चुकून केक पाठवला. वरच्या साहेबांकडून त्यांनी महिन्याची मुदतही आणली. या माणसाने आयुष्यात केलेलं हे एकमेव बंड.

पहिल्या दिवशी बारा बाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सात. मग दुकानात शेजारच्या फळीवरच्या दुधाला दोनवर एक फुकट लागलं. ग्रुपवर "गोमाता बरी आहे ना?" अशी चौकशी रोज होई, बाटली मात्र एकच खपे, शोभनाताईंची. महिना संपता संपता त्याही ऑफरचं दूध घेऊन आल्या.

"अहो, पाहुणे येणार, खीर करायचीय! एका दिवसाने काय होतंय?"

काहीच झालं नाही. गाय गुरुवारी कॅन्सल झाली. ग्रुपवर दोनशे दहा पणत्या लागल्या.

तुम्हांलाही वाईट वाटलं ना? वाटू द्या, ते फुकट आहे. आता उठा, चहा टाका. दूध कुठलं आणलंय, ते मी विचारत नाही.