सासूबाई शेजारी असल्या की

"या नळापेक्षा सर्दीत माझं नाक बरं वाहतं," ओट्यापाशी डुलत सासूबाई पुटपुटल्या. कंबर दुखायची, म्हणून त्या कधी सरळ उभ्या राहतच नसत. घड्याळाच्या लंबकासारख्या डुलायच्या.

"आजपासून वाहील, आई," म्हणत सुनेनं जुना फिल्टर काढला आणि प्रयोगशाळेतून आणलेला स्वतःचा बसवला. त्यातल्या पातळ पडद्यात डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे कण पेरलेले होते. शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की त्याचं चुंबक व्हायचं, कण थरथरायचे आणि पडद्यात अडकलेला गाळ झटकला जायचा. महिनाभर घरात वापरायचा, मग समितीपुढे चाचणी. समितीनं मान डोलावली तर सुनेचं काम पुढे, नाहीतर टेबल रिकामं.

"म्हणजे चुंबकानं काम होतं म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"बरंय बाई. तुझं होतं."

सासूबाईंच्या मुलानं घाईघाईनं पंखा वाढवला. त्यानंच मागे आईच्या कमरेसाठी चुंबकाचा पट्टा आणला होता. तेव्हा सून अशी काही हसली होती, की त्यानंतर घरात पट्ट्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. तो कपाटात गेला, असं सगळे धरून चालले होते.

दुसऱ्याच दिवशी मुलानं मिक्सर लावायला वेटोळ्याचा प्लग उपटला, जन्मजात सवयीनं वायरीला धरून. आतल्या आत तार तुटली. प्लग परत खोचला तेव्हा आई ओट्यापाशी होती आणि पाणी झकास येत होतं. मग कोण कशाला बघतंय?

सून पाणी भरायला गेली की मात्र धार करंगळीएवढी. सासूबाई आल्या की मनगटाएवढी.

"आईच्या हाताला गुण आहे," मुलगा म्हणाला.

"टाकी भरलेली असते तेव्हा," सून म्हणाली.

महिना संपला आणि सुनेनं तोच फिल्टर, वेटोळ्यासकट, प्रयोगशाळेत नेला. चाचणीला घरच्यांनाही बोलावलं होतं. सासूबाई दाराशी बसल्या. सुनेनं गढूळ पाणी ओतलं. आधी धार आली, मग बारीक झाली, मग नुसते थेंब. तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. समितीचे मोठे साहेब कमरेला हात लावून खुर्चीत वाकडे बसले होते.

"चहा मागवू का? वेळ लागेलसं दिसतंय," ते म्हणाले.

सासूबाईंना राहवेना. त्या उठून यंत्राला खेटून डुलत उभ्या राहिल्या. "अहो, घरी तर छान चालतं." तेवढ्यात धार लागली.

"जरा बाजूला व्हा," साहेब म्हणाले. थेंब. "या बरं परत." धार.

सुनेनं प्लग हातात घेतला, तर तार लोंबत वेगळी झाली. "वेटोळं बंदच आहे. मग चुंबक कुठंय?"

मुलगा बुटांच्या नाड्या बघू लागला. सासूबाई छताकडे.

"माझ्या कमरेला," त्या शेवटी म्हणाल्या.

"आई, तुम्ही अजून घालता तो?"

"कपड्यांच्या आतून. लेकानं हौसेनं आणलाय."

समितीनं वह्या उघडल्या. साहेब मात्र खुर्ची सरकवत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, फरक पडतो का हो त्यानं?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, भांड्यातल्या नितळ पाण्याकडे पाहिलं.

"हिच्या फिल्टरला पडतो की," त्या म्हणाल्या. "कमरेला काडीचा नाही."