त्रेचाळीस वर्षांचं अज्ञान बालक

त्रेचाळीस वर्षांचा माणूस सज्ञान असतो, असा समाजात एक ढोबळ समज आहे. डोक्यावर विरळ झालेले केस, कमरेत उसण, जवळचं वाचायला चष्मा आणि घरात चौथीतली मुलगी, एवढा पुरावा समोर दिसला की लोक पुढची चौकशी करत नाहीत. बालकलाकार मानधन संरक्षण कार्यालयाने ती केली. सदर इसम पाच वर्षांचा असल्याचं निष्पन्न झालं.

या इसमाला अख्खं शहर ‘मलापन’ म्हणून ओळखतं. त्याला खरं नावही आहे, पण ते फक्त वीजबिलावर येतं.

पाच वर्षांचा असताना त्याने एका बिस्किटाच्या जाहिरातीत काम केलं होतं. जाहिरात साधीच. टेबलावर बशी. आजोबा एक बिस्कीट उचलतात, वडील उचलतात, आत्या उचलते, आणि बशी रिकामी होणार एवढ्यात टेबलाखालून समोरचे दोन दात पडलेलं एक डोकं वर येतं आणि म्हणतं, “मला पन!”

लिहून दिलेला संवाद खरं तर ‘मला पण’ असाच होता. पोराने पहिल्यांदा तो स्वच्छ म्हटलाही, अगदी जीभ टाळूला लावून. दिग्दर्शक कळवळला. म्हणाला, “बाळा, शुद्ध नको रे. हे बिस्कीट आहे, व्याकरण नाही.” मग दुपारभर त्या ‘ण’ला घासून घासून त्याचा ‘न’ करण्यात आला. बिस्कीट लाकडाचं होतं, रंगवलेलं. खरं असतं तर दिव्यांच्या धगीत मऊ पडलं असतं. म्हणजे ज्या पोराच्या हावरटपणावर घराघरातले लोक फिदा झाले, त्याला बिस्कीट मिळालं नाही ते नाहीच.

वडिलांनी नोकरी सोडून ‘कलाकाराचे वडील’ हे पूर्णवेळ पद स्वीकारलं. उठसूट ते पोराला घेऊन स्टुडिओच्या पायऱ्या चढायचे आणि दारातच त्याचे ओठ दोन बोटांनी उचलून फट दाखवायचे. पण दीडेक वर्षात फटीत पांढरं काहीतरी चमकू लागलं. ते त्याला तडक दंतवैद्याकडे घेऊन गेले.

“डॉक्टर, हे काढता येतील का?”

“अहो, हे कायमचे दात आहेत!”

“तेच तर दुखणं आहे ना!” असं म्हणून वडिलांनी डोळ्यांना रुमाल लावला.

कलाकाराची कारकीर्द तिथे संपली. जाहिरात संपली नाही. ती आधी काळ्यापांढऱ्यात होती, मग तिच्यात रंग भरले गेले, मग ती मोबाइलवर आली. दर वेळी ती दाखवली की कलाकाराचा वाटा वर सांगितलेल्या कार्यालयात जमा व्हायचा आणि कलाकार सज्ञान होईपर्यंत तिथेच राहायचा. कायद्याने तशी तजवीज केली होती, कारण कलाकारांच्या वडिलांवर कायद्याचा विश्वास नव्हता. कायद्याने बहुधा याच्या वडिलांना पाहिलं असावं.

मलापन मोठा झाला. एका गल्लीत भाड्याच्या गाळ्यात तो पंख्यांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून द्यायला लागला. हाताला वार्निशचा वास, नखांत काजळी. धंदा बरा चालायचा. फक्त गिऱ्हाईक पैसे काढताना थबकायचं.

“तुम्ही तेच ना हो? बिस्किटवाले? म्हणा की एकदा!”

तो म्हणायचा. गिऱ्हाईक खदाखदा हसायचं, घरी फोन लावायचं, फोनवर पुन्हा म्हणायला लावायचं आणि शेवटी सांगायचं, “आता ओळख निघालीच आहे, तर थोडं कमी करा.”

असं सगळं सुरळीत असताना गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. महिनाअखेर पैसे आण नाहीतर चंबूगबाळं उचल, असं त्याने चहा पाजून प्रेमाने सांगितलं.

मलापनने ही बातमी घरी सांगितली तेव्हा बायको कुकरचं रबर बसवत होती.

“अहो, मग तुमचे बिस्किटाचे पैसे आणा ना.”

“ते आता कुठे मिळतात?”

“का? कार्यालय पळून गेलंय का? लग्नाआधी तुमच्या बाबांनी माझ्या बाबांना तेच पैसे दाखवून होकार मिळवला होता. मुलगा काय कमावतो ते कुणी विचारलंच नाही. जा, निदान बघून तरी या कसे दिसतात ते.”

तो गेला. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी फाईल मागवली, वाचली आणि चष्म्यावरून त्याच्या मागे पाहिलं.

“कलाकाराला आणलं नाहीत?”

“मीच कलाकार.”

“कलाकार अज्ञान आहे.”

“बाई, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे.”

“ते तुमच्या शरीराचं वय.” बाईंनी शांतपणे सांगितलं. “मागे काही कंपन्या म्हणायला लागल्या, पोर मोठं झालं, आता कशाला पैसे? म्हणून साहेबांनी कलाकारांच्या हितासाठी नियम केला. बालभूमिका जोवर दाखवली जाते, तोवर कलाकार बालकच समजावा. जाहिरात चालू आहे. काल बातम्यांच्या आधी मी स्वतः पाहिली. गोड दिसता हो तुम्ही.”

“म्हणजे मी अज्ञान?”

“कायद्याच्या भाषेत. मनाला लावून घेऊ नका. पालकांना घेऊन या, ते सही करतील.”

“आईवडील नाहीत. दोघंही गेले.”

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी खणातून गोळी काढून खिडकीतून पुढे केली. “अरेरे, एवढ्याशा वयात! रडायचं नाही हं. बस तिथे बाकावर, मी करते काहीतरी.”

बाई बोलल्याप्रमाणे वागल्या. सरकारी माणूस शब्दाला जागला की काय अनर्थ होतो, हे तेव्हा कळलं. त्यांनी निराधार बालक खात्याला कळवलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्या खात्याचे निरीक्षक गाळ्यात उभे राहिले. पाच वर्षांचं पोरकं बालक एका हातात कातर आणि दुसऱ्या हातात तारेचा गुंडा घेऊन मोटार भरत होतं. निरीक्षकांना गहिवरून आलं. त्यांनी बालमजुरीच्या कलमाखाली गाळ्याला टाळं ठोकलं.

“मालक कोण?” त्यांनी दरडावून विचारलं.

“मीच.”

“स्वतःच स्वतःला राबवतोस? लाज नाही वाटत?”

मग ते घरी आले. घरात सदर बालक एका चाळिशीच्या बाईबरोबर राहत असल्याचं आढळलं.

“आपण याच्या कोण?”

“बायको,” ती म्हणाली.

निरीक्षक मटकन खुर्चीत बसले. “बाई, हळू बोला. बालविवाहाचं कलम फार कडक आहे. मी ऐकलं नाही असं समजतो. बालकाचा विवाह होऊच शकत नाही, तेव्हा तुम्ही बायको नाही. तुम्ही एक सद्गृहस्थ महिला आहात आणि दया येऊन तुम्ही या पोराला ठेवून घेतलंय. बरोबर?”

“दया येते खरी अधूनमधून,” बायको म्हणाली.

“मग दत्तक घ्या. दत्तक घेतलंत की तुम्ही पालक. पालकाच्या सहीने पैसे सुटतील आणि गाळ्याचं टाळंही काढता येईल.”

रात्री दोघांनी पुष्कळ विचार केला. विचार करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, महिनाअखेर आली होती. सकाळी ती कार्यालयात गेली आणि नवऱ्याला दत्तक घेऊन आली. यात चौथीतली लेक त्याची मोठी बहीण झाली. तिने हा आदेश दोनदा वाचला आणि वडिलांना बोलावलं.

“आता मला ताई म्हणायचं.”

“गप बस गं.”

“आई, बघ ना! छोटा उलटं बोलतोय.”

पालकाचा अर्ज लगेच मंजूर झाला. फक्त पैसे कशासाठी हवेत या रकान्यात ‘गाळा खरेदी’ असं लिहिलेलं पाहून बाईंनी तो परत केला. अज्ञान बालकाला गाळा कशाला? त्याच्या निधीतून दूध, गणवेश, दप्तर, खेळणी आणि दुधाच्या दातांचे उपचार, एवढ्यालाच परवानगी होती.

“अहो बाई, त्याला दुधाचे दात कुठे आहेत?”

“फाईलमध्ये आहेत,” बाई म्हणाल्या. “समोरचे दोन नाहीत, बाकीचे आहेत.” मग त्यांचाही जीव थोडा हलला. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “एकच रस्ता आहे. कंपनीला सांगा, जाहिरात बंद करा. ज्या दिवशी बंद होईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सज्ञान.”

कंपनीच्या गारेगार खोलीत जाहिरात-अधिकाऱ्याने मलापनला प्रेमाने बसवलं, त्याच्याबरोबर फोटो काढला आणि मान हलवली. “आम्ही कोण बंद करणार? जाहिरात आता आमची राहिलीच नाही. लोकांची आहे. आपण लोकांचा कौल घेऊ.”

कौलाची पद्धत त्यानेच ठरवली, आणि कार्यालयाने तिला मान्यता दिली. जो कोणी ते वाक्य ‘पण’ असं म्हणेल, त्याचं मत जाहिरात बंद करण्याच्या बाजूने. जो ‘पन’ म्हणेल, त्याचं मत चालू ठेवण्याच्या बाजूने. मोठ्याने म्हणायची सक्ती नव्हती. मनातल्या मनात म्हटलं तरी मत धरलं जाईल, कारण आमचा माल आधी मनातच विकला जातो, असं अधिकारी म्हणाला.

सभागृह खच्चून भरलं. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, नातवंडं कडेवर घेतलेले लोक हातात फलक धरून आले होते. ‘आमचं बालपण हिरावू नका!’ त्यांचं बालपण शाबूत राहावं म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी संपू नये, एवढीच त्यांची माफक मागणी होती.

मलापन मंचावर आला. त्याने धुतलेला सदरा घातला होता, तरी वार्निशचा वास पहिल्या रांगेपर्यंत जात होता. समोर बायको उर्फ आई बसली होती, शेजारी लेक उर्फ ताई. घरून निघताना तो आरशासमोर उभा राहून ‘ण’ घोकून आला होता.

“मला पण,” तो म्हणाला, जीभ टाळूला व्यवस्थित लावून, “मोठं व्हायचंय.”

सभागृहातले फलक खाली आले. मग मागून एक आजोबा उठले.

“हा तो नाहीच! तो काय गोड होता!”

“ओ, नीट म्हणा ना!” एक बाई ओरडली. “बिस्किटवालं म्हणा!”

“मला पन! मला पन!” सगळं सभागृह टाळ्यांच्या तालावर सुरू झालं. मतमोजणी करणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात लेक खुर्चीवर उभी राहिली आणि बारीक आवाजात किंचाळली, “ओरडू नका त्याच्यावर! तो लहान नाहीये! बाबा आहे तो माझा!”

क्षणभर सगळे थांबले. मग सभागृहाच्या तोंडून एकदमच निघालं, “आई गं! किती गोड!”

जाहिरात-अधिकारी तिच्याकडे बघतच राहिला. मग तो वाकून म्हणाला, “बाळा, हेच जरा बोबडं म्हणशील?”

मलापन मंचावरून उडी मारून खाली आला. कमरेत उसण भरली ती भरलीच. “नाही!” तो ओरडला. “ती काही म्हणणार नाही! माझा नकार आहे, लिहून घ्या!”

खिडकीतल्या बाई पहिल्याच रांगेत होत्या. त्यांनी खेदाने मान हलवली. “अज्ञान व्यक्तीचा नकार ग्राह्य धरता येत नाही.”

अधिकारी बायकोकडे वळला. दोन्ही बालकांची पालक तीच. आकडा त्याने कागदावर लिहून दाखवला. त्यात गाळा आला असता, आणि वर त्याला एक खिडकीही. बायकोने आकडा पाहिला. नवऱ्याकडे पाहिलं. मग एका हाताने लेकीचा आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाली, “चला रे दोघं घरी. उशीर झालाय.”

गाळा गेला. तिथे आता दंतवैद्याचा दवाखाना आहे. मलापन घरच्या पुढच्या खोलीत मोटारी भरतो. निरीक्षक महिन्यातून एकदा येऊन बघून जातात; बालक तारेशी खेळत असल्याचा शेरा मारतात. गिऱ्हाईक मजुरी देत नाही, तो गुन्हा होईल. ते त्याच्या हातात खाऊला म्हणून काहीतरी ठेवतं, आणि अजूनही थोडं कमीच ठेवतं. लेक मात्र पक्की झाली आहे. कुणी म्हणायला सांगितलं की ‘ण’ असा ठणकावते की समोरच्याच्या कानाला दडे बसावेत.

कौल मात्र अजून चालूच आहे. अखेरचं मत पडेपर्यंत मोजणी बंद होत नाही, असा नियम आहे. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही तर बिचाऱ्याच्या बाजूचे. डोळे पाणावले आमचे.

असतील पाणावले. पण ही हकीकत वाचताना ते दोन शब्द तुम्ही मनातल्या मनात किती गोड म्हणालात, आठवा. आणि त्यात ‘ण’ होता का, तेही आठवा.

धरलं तुमचं मत.