माझं दुःख मिझुरीचं आहे

मी चुकलेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. माझा मेव्हणा क्लीटस माझ्याच अंगणात, माझ्याच शेगडीसमोर उभा राहून माझ्या बार्बेक्यू सॉसला "जरा गोडच झालाय" म्हणाला. बार्बेक्यूसाठी देशभर नावाजलेल्या कॅन्सस सिटीत राहून हे कोण ऐकून घेईल? मी त्याच्या ताटातल्या भाजलेल्या बरगड्या उचलल्या आणि कुत्र्याला घातल्या. (कुत्र्याने काही तक्रार केली नाही.)

"माफी माग," बायको म्हणाली.

"कुत्र्याची?"

इथे बिनसलं. मार्लिस ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे बोलली. ती शांतपणे बोलली की मला घाम फुटतो. "डेल्बर्ट, समुपदेशनाच्या सहा बैठका. नाहीतर मी ओमाहाला बहिणीकडे चालले, आणि परत येणार नाही."

समुपदेशन करणार होत्या मिस ऑस्ट्रँडर, परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर. दर शनिवारी सकाळी दहाला, फोनच्या पडद्यावर. माझ्याच घरात बसून परक्या बाईपुढे रडगाणं गाणार नाही, असं मी मार्लिसला ठणकावून सांगितलं आणि गाडीत जाऊन बसलो. आमच्या दारात सावली नाही, म्हणून गाडी रस्त्यापलीकडे, फ्रीडाच्या डोनटच्या दुकानासमोर लावली. झाडही मिळालं, डोनटही मिळाला. बारीकशी गोष्ट एवढीच की आमचा रस्ता म्हणजेच दोन राज्यांची हद्द. शहराचं नाव कॅन्सस सिटी असलं तरी घर मिझुरीत, डोनट कॅन्ससात.

आणि बाई दर वेळी आधी हेच विचारायच्या, "आत्ता तुम्ही नक्की कुठे बसला आहात?"

"मिझुरीत. घरीच." (चाळीस पावलांसाठी कोण खरं बोलत बसतो?)

चार शनिवार मी किल्ला लढवला. क्लीटसचं नाव निघालं की मी गाडीत एवढा ओरडायचो की आरसा हलायचा. पाचव्या शनिवारी बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

"मला? सव्वीस वर्षं वाहन नोंदणीच्या खिडकीवर बसतोय मी. लोक मला भितात."

"मार्लिस खरंच गेल्या तर?"

"ती गेली तर..." मी म्हणालो आणि घशात काहीतरी अडकलं. (डोनटच असणार.)

तेवढ्यात काचेवर टकटक. फ्रीडा! काच खाली करायचा अवकाश, तिने मुंडकंच आत घातलं. "बाई, तुम्हीच जरा समजवा ह्यांना. दर शनिवारी माझ्या दुकानासमोर बोंबलतात, गिऱ्हाईक पळतं माझं."

"तुमचं दुकान कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"स्टेट लाइन रोडवर. कॅन्ससच्या बाजूला. या कधी!"

पडद्यावर बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग बाई म्हणाल्या, "मला थांबावं लागेल. माझा परवाना फक्त मिझुरीचा आहे. तुम्ही कॅन्ससात असताना मला तुमच्याशी हे बोलता येत नाही."

"अहो, मी कर मिझुरीत भरतो! मत मिझुरीत देतो! माझं दुःख मिझुरीचं आहे!"

"दुःख असेल. पण तुम्ही कॅन्ससात बसलाय."

मग मात्र माझं डोकं फिरलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी ओठांवर आलं होतं आणि ते नकाशापायी गिळू? मी फोन घेऊन गाडीतून उतरलो आणि सरळ रस्त्यात घुसलो. दोन्ही बाजूंनी भोंगे सुरू झाले.

"आता?" मी रस्त्याच्या मधोमध ओरडलो. "डावा पाय मिझुरीत आहे!"

"आधी रस्त्यातून बाजूला व्हा!" बाई किंचाळल्या.

मी माझ्या हिरवळीवर पोचलो, धापा टाकत, आणि सगळ्या भोंग्यांच्या वर आवाज चढवून बोललो. "ती गेली तर मी मेलो समजा! मला कॉफीसुद्धा करता येत नाही. आणि कॉफीचं मरू दे, पण सकाळी पेपर वाचून शिव्या घालायच्या कुणाला? चूक माझी होती. क्लीटसची माफी मागतो. सॉस... सॉस गोड होता!"

बाईंनी डोळे पुसले. कुंपणावरून शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि कुंपणाशीच, हातात पाण्याची नळी धरून, मार्लिस उभी होती.

"ऐकलंस?" मी विचारलं. माझा आवाज कापत होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "आता ओमाहाला जाऊ नकोस."

"ओमाहाला? मी बहिणीला दुसऱ्याच आठवड्यात कळवलं, येत नाही म्हणून."

"दुसऱ्या! मग मला सांगितलं का नाहीस?"

"अरे, शनिवारी दहा ते अकरा घरात काय शांतता असते!" मार्लिसने नळी खाली ठेवली आणि माझ्या हातातला फोन काढून घेतला. "बाई, आठवड्यातून दोनदा जमेल का हो तुम्हाला?"