खिशातली ट्यूब

समोरच्या फ्लॅटमधल्या गुरुनाथअण्णांच्या खिशात पेनाऐवजी मलमाची ट्यूब असते. लग्नाच्या पंगतीतही असते.

सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत कुणाला काही लागलं, की अण्णा धावत येतात आणि एकच विचारतात, "दुखतंय का?" फोडणीचं तेल उडून माझा हात भाजला तेव्हा मी बोंब मारली. अण्णांचा चेहरा खुलला. "ओरडलात? सरी!" म्हणजे कानडीत 'ठीक'. "मग भीती नाही."

मी हिशेब तपासणारा माणूस. कारण कळल्याशिवाय सोडत नाही. अण्णा प्रयोगशाळेत टायटॅनियम कार्बाइडचे पापुद्रे काढतात, काही अणूंच्या जाडीचे. त्यांचा लेप दिलेली काच त्यांनी एकदा घरी दाखवली. बॅटरीच्या तारा लेपाला टेकवल्या आणि छोटा दिवा लागला. वीज धातूतून जावी तशी जात होती, आणि तरी काचेपलीकडे भाजी निवडणाऱ्या त्यांच्या पत्नी सरोजाक्का स्वच्छ दिसत होत्या. फक्त किंचित हिरवट.

"माझ्याकडे बघायलासुद्धा यांना काच लागते," अक्का म्हणाल्या.

पण हे पापुद्रे सुटे करायला लागणारं आम्ल भयंकर. अंगावर उडालं तरी कधीकधी तासन्‌तास कळत नाही, आणि तोवर ते हाडापर्यंत पोचतं. ट्यूब त्यासाठी. "दुखत नाही, तेव्हाच घाबरायचं," अण्णा बजावत. तेव्हापासून मी लिंबू पिळलं तरी हात दोनदा धुतो.

गेल्या महिन्यात अक्का अचानक गेल्या. भेटायला येणाऱ्यांना अण्णाच चहा करून देत होते. गोडजेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन लिफ्टपाशी उभे दिसले. खिसा रिकामा होता.

"अण्णा, ट्यूब?"

"राहिली वाटतं. असू दे."

हा माणूस तासाभरात त्या आम्लापाशी उभा राहणार होता.

"अण्णा, दुखतंय का?"

"छे हो! काहीच नाही." ते हसले.

लिफ्ट आली. मी दारात पाय घातला आणि त्यांच्या हातातला डबा ओढून घेतला. डबा हलका लागला. उघडला, तर आत काहीच नव्हतं.

अण्णा त्यात बघत राहिले. "भरलेलाच असायचा," ते म्हणाले. मग भिंतीला टेकले. "स्वल्प... स्वल्प दुखतंय हो."

"सरी," मी म्हणालो, आणि पाय काढून घेतला. लिफ्ट रिकामीच खाली गेली.