गडग्यापलीकडचा वळू

तळेवाडीच्या भागोजीची गाय माजावर आली की तो तिला घेऊन डोंगर चढून पलीकडच्या गावाला जाई. वास्तविक जातिवंत वळू त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. पण मध्ये दगडी गडगा होता, आणि गडग्यापलीकडे चुलतभाऊ आत्माराम राहत होता. "दादा, जरा वळू सोड," असं त्याच्या दारात जाऊन म्हणण्यापेक्षा गाय भाकड राहिलेली भागोजीला चालली असती. गाईला हा मानापमान कळत नव्हता. एका दुपारी तिने गडगा ओलांडला, आणि पुढे जो पाडा झाला त्याच्या कपाळावर वळूच्या कपाळावरचाच पांढरा टिळा उमटला. "आमच्या आज्याच्या बैलाला असाच टिळा व्हता," असं भागोजी भेटेल त्याला सांगत सुटला.

वळू आत्मारामच्या मालकीचा नव्हता, तालुका बोर्डाचा होता. गाईगुरांची पैदास सुधारावी म्हणून बोर्डाने तो त्याच्याकडे सांभाळायला दिला होता, आणि खुराकाची पेंड-सरकी दर महिन्याला बोर्डाकडून येई. बोर्डाचा शिपाई बाबल्या गाडीतून गोणी उतरवू लागला की भागोजी गडग्याच्या फटीला डोळा लावून बसे. आसपासच्या गावचे लोक गाई घेऊन येत, आत्मारामच्या पडवीत टेकत, त्याचं पान खात आणि त्याला "आत्मारामशेट" म्हणत.

"शेट म्हनं," भागोजी बायकोजवळ कुरकुरे. "ल्हानपनी माजी पेज चोरून प्यायचा ह्यो."

"तुमाला राग पेजेचा हाय की पेंडीचा?" काशी विचारी.

मग मंदीचं साल आलं. मुंबईला सरकारच्या तिजोरीत तूट पडली. सरकारने जिल्हा बोर्डाच्या अनुदानाला कात्री लावली, जिल्हा बोर्डाने ती कात्री तालुका बोर्डाकडे दिली, आणि तालुका बोर्डाने खाली पाहिलं तेव्हा त्याला कापण्याजोगं दोनच ठिकाणी दिसलं: शाळेची कौलं आणि वळूचा खुराक. मुंबईहून निघालेली तूट अशी पायरी पायरीने उतरत आत्मारामच्या गोठ्यात येऊन बसली. एका सकाळी बाबल्या रिकाम्या हातांनी आला, आत्मारामच्या कानाशी लागला आणि चहासुद्धा न घेता गेला.

भागोजीला फटीतून एवढंच दिसलं, ऐकू काही आलं नाही. आत्मारामला मात्र फटीतला डोळा दिसला. दुसऱ्या दिवशी वळूच्या शिंगांना तेल लागलं, गळ्यात घुंगुरमाळ आली, आणि आत्माराम बायकोशी बोलल्यासारखं करून गडग्याशी बोलू लागला.

"गंगू, बोर्डाचं सायेब बोल्ले, वळू जन्मभर तुज्याकडंच ऱ्हवंदे. पन भागोजीच्या कानावर जाव देव नको हां. उगाच पोटात दुखंल त्याच्या."

ते दुखायला लागलंच होतं. भागोजीने खुराड्यातला मोठा कोंबडा काखेत मारला आणि तालुक्याचा रस्ता धरला.

"वळू मला द्या," तो हेडक्लार्कना म्हणाला.

हेडक्लार्कनी चष्मा काढून पुसला. त्या दिवसांत कचेरीत जो तो काहीतरी बंद का झालं हे विचारायला येई. काहीतरी अंगावर घ्यायला आलेला हा पहिलाच.

"खुराकाचं म्हणाल तर, भागोजीराव..."

"आत्मारामला देताव तेवडाच द्या. जास्ती नको, पन मूठभर कमी चालायचा नाय."

"तेवढाच मिळेल," हेडक्लार्क म्हणाले. ते खोटं बोलत नसत. "अटी वाचून दाखवू?"

"त्याला घातल्याव त्याच्यापरीस एक जास्ती घाला."

त्यांनी घातली: घेतलेला वळू आपण होऊन परत करता येणार नाही, दुसऱ्या कोणी मागितला तरच जाईल. भागोजीने खूश होऊन अंगठा उठवला. कोंबडा हेडक्लार्क खात नसत. बाबल्या खात असे.

वळू वाजतगाजत गडग्याच्या अलीकडे आला. दावं हातात देताना आत्मारामचे डोळे भरून आले. "पोरावानी वाडवलाय रे," तो म्हणाला. ते डोळे पाहून भागोजीला इतकं बरं वाटलं, की त्याने त्या दिवशी भात पुन्हा पुन्हा मागून घेतला.

महिना उलटला तरी गाडी आली नाही. वळूने पावसाळ्यासाठी रचलेली पेंढ्याची उडवी संपवली, मग काशीचा पडवळीचा मांडव, मग गोठ्याच्या छपराला तोंड घातलं. भागोजी तालुक्याला धावला. "आत्मारामला शेवटी जेवढं मिळत होतं तेवढंच तुम्हाला," हेडक्लार्क म्हणाले. "म्हणजे काही नाही. मुंबईहूनच आलं नाही, तर मी कुठलं देऊ?"

वळू नांगराला जुंपायचा नाही, हीही एक अट होती. गाई घेऊन लोक येत ते मात्र थांबले नाहीत. आता ते भागोजीच्या पडवीत टेकत आणि "भागोजीशेट" म्हणत, आणि शेट म्हटलं की पान द्यावं लागे.

"सवत आनली असतीत तर निदान भांडी तरी घासली असतीन," काशी म्हणाली. "जावा, दादांना सांगा, घ्या म्हनावं तुमचा पोर माघारी."

"त्याच्यापुडं रडू? त्यापरीस मी सोता गवत खाईन."

"तेवडं तरी कुटं ठेवलान त्यानं?"

मग भागोजीला युक्ती सुचली. जुन्या गोण्यांत त्याने बागेत गळून पडलेल्या पानांचा सुका पातेरा ठासून भरला, शेजारवाडीची गाडी मागून आणली, आणि भरल्या गोण्यांची ती गाडी मुद्दाम आत्मारामच्या दारावरून नेली.

"काशे, जपून उतरव गो. ह्या खेपंला सरकी जास्ती धाडलीन बोर्डानं."

एका हाताने उचलता आली असती अशी गोण काशी कंबर धरून, कण्हत कण्हत उतरवू लागली. गडग्याच्या फटीला आता पलीकडून डोळा लागला. पुढच्याच महिन्यात पुन्हा गाडी आली, तेव्हा पलीकडून गंगूबाईचा आवाजही आला. "जरा दम धरवला नाय तुमाला. लय हुशारी केलीत. आता बगा, अनुदान चालू झालं नि खातोय कोन."

दुसऱ्या दिवशी आत्माराम तालुक्याच्या रस्त्याला लागलेला दिसला. त्याच्याही काखेत कोंबडा होता.

वळू वाजतगाजत परत गेला. दावं देताना भागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आणायला त्याला काही प्रयास पडले नाहीत.

पुढच्या महिन्यात आत्मारामच्या दारात गाडी उभी राहिली. गोण्या उतरू लागल्या. आत्माराम कंबर धरून कण्हत होता. फटीपाशी बसलेला भागोजी हसून हसून आडवा झाला.

"बग गो काशे, माजीच युक्ती माज्यावर. पातेरा भरलान नि कन्हतोय कसा बग."

काशी आली नाही. ती आत पाट्यावर वाटण वाटत होती.

एवढ्यात वाऱ्याबरोबर ओल्या पेंडीचा वास आला. भागोजीने पुन्हा डोळा लावला. गोणीवर बसून बाबल्या आत्मारामला सांगत होता, "शाळेची कौलं ऱ्हायलीच हत. पन मुंबईस्नं थोडं सुटलंय, त्यात वळूचं आलं. मागला थकलेला खुराक पन आनलाय." वळूने मान वर केली, फटीतल्या डोळ्याकडे पाहिलं आणि ओठाला लागलेली सरकी सावकाश चाटली.

भागोजीने फटीवरचा डोळा काढला. मग उठला, धोतर झटकलं आणि खांद्यावर उपरणं टाकलं.

"काशे, खुराड्यात कोंबडा हाय काय?"

"व्हता," काशी आतूनच म्हणाली. "गाडी चढावर आली तवा बैलांच्या तोंडाला फेस व्हता. पातेरा वडताना बैलाला फेस येत नाय. तवाच कापला मी त्याला. उपरनं ठेवा नि बसा जेवायला."