दात की जीभ

सासूबाईंची कवळी कुत्र्याने पळवली, त्या वेळी चित्रकार जेवणाच्या टेबलापाशी बसून माणसाच्या अंगावरचे केस गेले कुठे हे समजावून सांगत होता आणि कुणीही ऐकत नव्हतं.

चित्रकार शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. बेडकाचं हृदय, पानाचा छेद, ज्वालामुखीचं पोट, असली. यंदा त्याच्याकडे आदिमानवांची रांग आली होती. रांगेतल्या कुठल्या गड्यापासून केस विरळ करत आणायचे, या प्रश्नाने तो इतका झपाटला होता की सासुरवाडीला आला तरी डोक्यात तेच.

"बघा ना, सगळे माकडाचे भाऊबंद केसाळ आणि आपणच तेवढे सोललेले. असं का?"

"ब्लेड स्वस्त झालं म्हणून," मेहुणा भाताचा डोंगर उपसत म्हणाला. हा मेहुणा व्यायामशाळेत लोकांना घाम गाळायला शिकवायचा. सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याच्या बनियनच्या गळ्यातून छातीवरचं जंगल बाहेर डोकावत असे.

"थट्टा नको. पंडितांचंही यावर एकमत नाही. काही म्हणतात, उवा-पिसवांचा जाच कमी व्हावा म्हणून केस गेले. पण बरेच जण म्हणतात, उन्हामुळे. भर दुपारी बाकीची जनावरं सावलीला पडतात, तेव्हा आपला पूर्वज उन्हात चालत राहायचा. घाम यायचा, उघड्या अंगावर तो चटकन वाळायचा आणि अंग थंड व्हायचं. कुत्र्याला तशी सोय नाही. तो बिचारा जीभ बाहेर काढून..."

"म्हणजे भाऊजी, तुम्ही आमच्या किती तरी पुढे गेलात! तुमच्या खुर्चीखाली तळं साचलंय."

टेबलाभोवती हशा पिकला. चित्रकाराची बायकोसुद्धा हसली. मग नवऱ्याचं तोंड बघून तिने हसू पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. घाम हा चित्रकाराचा जुना वैरी होता. तो लग्नात उभा राहिला तेव्हा फोटोग्राफरने विचारलं होतं, नवरदेव पोहून आले का? सासूबाई तर तो यायच्या आधी सोफ्यावर वर्तमानपत्र अंथरून ठेवत. बोलत काही नसत. फक्त अंथरत.

आजही जेवायला बसण्याआधी त्याचा जीव उकडून अर्धा झाला, म्हणून त्याने मागच्या पडवीतल्या स्टुलावरची काचेची वाटी उचलून फरशीवर ठेवली आणि स्टुलावर पंखा मांडला. वाटीत काय आहे हे त्याने पाहिलं नाही. वाटीत सासूबाईंची कवळी होती, घासूनपुसून पाण्यात ठेवलेली. मऊ भात आधीच जेवून त्या आतल्या खोलीत भाषण पाठ करत होत्या. ज्या शाळेत त्यांनी उभी हयात मुख्याध्यापकी केली, तिच्या बक्षीस समारंभाला संध्याकाळी त्या प्रमुख पाहुण्या होत्या.

पडवीतून चपचप असा आवाज आला.

शेजारच्या वकीलबाईंचा कुत्रा वाटीतलं पाणी पीत होता. त्याच्या अंगावर इतके केस की तो भुंकेपर्यंत पुढची बाजू कुठली हे कळायचं नाही. सगळी गल्ली त्याला गालिचा म्हणायची. पाणी संपल्यावर गालिचाने वाटीत डोकावून पाहिलं, तळाशी राहिलेली वस्तू अलगद तोंडात धरली आणि मान वर केली.

गालिचा हसत होता. सरळ, शुभ्र, रांगेत बसवलेल्या दातांनी, अगदी मुख्याध्यापिकेसारखा.

"आई," बायको क्षीण आवाजात म्हणाली, "तुझी कवळी..."

सासूबाई धावत बाहेर आल्या. त्यांनी कुत्र्याच्या तोंडावर स्वतःचं हसू पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझे धाथ! अरे, पकडा त्याला! फाळेत जायचंय मला!"

"आई, जुनी जोडी आहे ना?"

"मोडली! भाफण कफं करू मी? विफय काय आहे माहितीये? फिफ्त, फ्वफ्फता आणि फत्य!"

कुणी हसलं नाही, कारण प्रकरण हसण्यापलीकडे गेलं होतं. मग सासूबाईंची नजर फरशीवरच्या वाटीकडे गेली, वाटीवरून स्टुलाकडे, स्टुलावरच्या पंख्याकडे आणि पंख्यावरून सावकाश जावयाकडे. चित्रकाराला दरदरून घाम फुटला.

"सरका भाऊजी, हे तुमचं काम नव्हे," म्हणत पैलवानाने झेप घेतली. गालिचाने ती चुकवली, कुंपणाच्या फटीतून तो रस्त्यावर गेला आणि पैलवान कुंपणावरून. गल्लीच्या टोकापर्यंत तो असा सुटला की बघणाऱ्याला अभिमान वाटावा. टोकाशी मात्र गुडघ्यांवर हात ठेवून तो भात्यासारखा फुसफुसू लागला. गालिचा थोडा पुढे जाऊन बसला आणि वळून हसला.

"थांब लेका, गाडीच काढतो!"

मोटारसायकल निघाली. गालिचा फुटपाथवर चढला, पाठोपाठ मोटारसायकलही चढली. फुटपाथ नुकताच घातलेला होता. कुत्रा हलक्या पावलांनी चार फुलं उमटवून पलीकडे गेला; गाडीचं पुढचं चाक मात्र ओल्या काँक्रीटमध्ये रुतलं आणि पैलवान गुडघ्यापर्यंत. गवंडी थापी घेऊन धावत आला.

"सकाळपासून मरमर करून गुळगुळीत केलाय! आता पुन्हा सारखा करून दिल्याशिवाय हलायचं नाही!"

अशा तऱ्हेने पैलवान मोहिमेतून बाद झाला. मग बायको बिस्किटाचा पुडा घेऊन पुढे गेली. गालिचाने कवळी पुढच्या दोन पायांमध्ये नीट ठेवली, तिच्यावर पंजा ठेवला, बिस्किट खाल्लं, मिश्या चाटल्या आणि कवळी पुन्हा तोंडात घेऊन तो चालू लागला. वकीलबाई कोर्टात होत्या. घराघरांतून माना बाहेर आल्या, सल्ले आले, दगड नको म्हणून एकाने बजावलं, जाळं आणा म्हणून दुसऱ्याने. ऊन मी म्हणत होतं.

चित्रकार कुंपणापाशी उभा राहून कुत्र्याकडे टक लावून बघत होता.

"अहो, नुसते बघताय काय?"

"त्याची जीभ आत आहे."

"काय?"

"एवढ्या उन्हात इतकं पळालाय, अंगावर एवढी लोकर, तरी जीभ आत! कारण तोंडात दात आहेत. जीभ बाहेर काढायची तर दात सोडावे लागतील." त्याचे डोळे चमकू लागले. "त्याला सावलीत बसू द्यायचं नाही, बस्स."

"पण तुम्ही त्याच्यामागे धावणार? तुम्ही?"

"धावतंय कोण? मी चालणार."

तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि पंचा गळ्यात टाकून निघाला. सासूबाई तोंडावर रुमाल धरून पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण त्यात 'स' आणि 'श' इतके होते की आशीर्वाद की शिव्या हे कळलं नाही.

गालिचा पळाला. चित्रकार चालला. गालिचा झाडाखाली बसला, तोवर चित्रकार पोचला आणि त्याने टाळी वाजवली. गालिचा उठला, पुन्हा पळाला, बसस्टॉपच्या छपराखाली टेकला. चित्रकार तिथेही आला. घाई नाही, आरडाओरडा नाही. कपाळावरून, मानेवरून, पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याने रुमाल काढला नाही. वाऱ्याची झुळूक आली की अंगभर गारवा पसरायचा. आपल्याला देवाने पाण्याचा फवारा बसवून पाठवलंय, असं त्याला वाटू लागलं.

चौकात इस्त्रीवाला दुकानाच्या दारात कपड्यांना इस्त्री करत उभा होता. "काय हो, काय हरवलंय?"

"सासूबाईंचे दात."

"अरेरे! कुठे पडले?"

"पडले नाहीत. ते काय, पुढे चाललेत."

इस्त्रीवाल्याने पाहिलं आणि हातातली इस्त्री दुसऱ्याच्या शर्टावर तशीच विसरला. पुढे चित्रकाराचा स्वतःचा शर्ट अंगाला चिकटून पायात यायला लागला, तेव्हा त्याने तो काढून कमरेला बांधला. उकडून सोललेल्या बटाट्यासारखं त्याचं गुळगुळीत अंग भर रस्त्यात चमकू लागलं. सिग्नलपाशी वाहतूक पोलिसाने हात आडवा केला.

"ओ साहेब, रस्ता आहे हा! शर्ट घाला."

"घालतो, पण आधी दात मिळू दे."

पोलीस काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या पायाशी गालिचा आला आणि मान वर करून हसला. पोलिसाने शिट्टी तोंडात घातली, चारही बाजूंची वाहनं थांबवली आणि दोघांनाही वाट करून दिली.

गोदामांच्या लांबलचक भिंतीपाशी मात्र चित्रकाराची कसोटी लागली. चप्पल चावत होती. घशाला कोरड पडली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. गालिचा भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात आडवा झाला होता आणि परत फिरावं असं चित्रकाराला पहिल्यांदाच वाटलं. फिरला असता तर काय? घरी पुन्हा एकदा हसले असते. त्यात नवं काही नव्हतं. पण तिकडे सासूबाई शेकडो मुलांसमोर 'फिफ्त' म्हणणार होत्या आणि ती वाटी त्याने खाली ठेवली होती. गोदामाच्या नळाला तोंड लावून तो पोटभर पाणी प्यायला, त्याने चप्पल हातात घेतली आणि पायांच्या तळव्यांना चटके बसत असतानाच टाळी वाजवली.

गालिचा उठला. पण आता तो पळत नव्हता. तोही चालतच होता.

शेवटी रस्ता संपून एक भलं मोठं मैदान लागलं. मधोमध ना झाड ना छप्पर. पलीकडच्या टोकाला मंडप, खुर्च्या, आणि कवायतीची तालीम करणारी मुलं. चित्रकाराने कमानीवरचं नाव वाचलं. सासूबाईंचीच शाळा! गालिचा मैदानाच्या मध्यावर जाऊन थबकला. त्याने मंडपाच्या सावलीकडे पाहिलं, मग मागून येणाऱ्या ओल्या, उघड्या, चकाकणाऱ्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या. जबड्याच्या कडेने जिभेचं टोक बाहेर आलं, दातांना अडलं, आत गेलं.

मुलांची कवायत थांबली. कवायतीचे सर ओरडायला निघाले होते, पण तेही बघत राहिले.

चित्रकारही थांबला. आता टाळी नको. तो तिथेच गवतावर मांडी घालून बसला आणि हळूच म्हणाला, "ठेव बाळा. मोठा श्वास घे."

गालिचाने विचार केला. मग मान खाली घालून त्याने सासूबाईंची कवळी गवतावर ठेवली आणि हातभर लांब, गुलाबी जीभ बाहेर सोडली.

मैदानावर असा जल्लोष झाला की मंडपाच्या कनातीवरची कबुतरं उडाली. काय जिंकलं हे मुलांना ठाऊक नव्हतं, पण कुणीतरी काहीतरी जिंकलंय हे लांबूनही दिसत होतं. चित्रकाराने एका हाताने कवळी उचलली, दुसऱ्या हाताने गालिचाला उराशी धरलं आणि त्याला सावलीत नेऊन ओरडला, "सर, आधी बादलीभर पाणी! याच्यासाठी!"

सासूबाई लेकीबरोबर गाडीतून आल्या तेव्हा गालिचा भिजलेल्या पायपुसण्यासारखा निवांत पडला होता. तोंडावर रुमाल धरून त्या स्वागताला नुसती मान डोलवत होत्या. नवे मुख्याध्यापक त्यांच्या गांभीर्याने दबून गेले होते. चित्रकाराने साबणाने चारचारदा धुतलेली कवळी कागदात गुंडाळून पुढे केली. सासूबाईंनी कागद उघडून पाहिला, कुत्र्याकडे पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि पाठ फिरवून कवळी बसवली.

"सत्य," त्या म्हणून बघू लागल्या. "स्वच्छता. शिस्त." मग कवायतीच्या सरांचा उसना शर्ट घातलेल्या जावयाला त्यांनी डोळे भरून न्याहाळलं. "पाय दाखवा बरं. अगंबाई, केवढे फोड आलेत! या, पुढच्या रांगेत बसा. माझ्या खुर्चीच्या अगदी समोर."

पाठ केलेलं भाषण त्यांनी केलंच नाही. त्यांनी नुकतीच जावयाकडून ऐकलेली दातांची गोष्ट सांगितली. वाटी खाली कुणी ठेवली ते गाळलं. मुख्याध्यापिकेने तेवढं सत्य त्या दिवशी माफ केलं. पण उन्हाचं, घामाचं, केसांचं आणि जिभेचं सगळं सांगितलं. मुलं पोट धरधरून हसली. "मुलांनो, घामाला कधी लाजू नका," असं म्हणून त्यांनी जावयाला उभं राहायला लावलं, तेव्हा टाळ्या थांबेचनात. मागच्या बाजूला काँक्रीटचे बूट घातलेला पैलवान सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता आणि प्रत्येक टाळीसरशी त्याच्या अंगावरून सिमेंटचा ढग उठत होता. फुटपाथ पूर्ण करून तो थेट इथेच आला होता.

परतताना गाडीत सासूबाई जावयाशेजारी बसल्या. गालिचा दोघांच्या पायांवर पसरला होता. थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "जावईबापू, माणसाच्या अंगावर केस का नसतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

पुढच्या सीटवर बायकोचा खांदा हसण्याने हलला. चित्रकाराने तोंड उघडलं, क्षणभर तसंच ठेवलं आणि मिटलं.

"नाही हो आई."

"मग नीट ऐका. पुष्कळ जणांना माहीत नसतं. त्याचं असं आहे..."

आणि त्या सांगू लागल्या. उवांचं विसरल्या, माकडांच्या भाऊबंदांत त्यांनी अस्वलही घातलं, पण चित्रकाराने चूक काढली नाही. खिडकीतून वारा येत होता, दुखरे पाय कुत्र्याच्या ओल्या लोकरीत बुडाले होते. एका वळणावर सासूबाई मध्येच थांबल्या.

"कंटाळला नाहीत ना?"

"छे!" चित्रकार त्यांच्याकडे वळून ऐसपैस बसला. "मग? पुढे काय झालं?"